आठवड्याचा चित्रपट : घरच्या प्रेक्षकाचा इतिहास



१८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून महाराष्ट्रात ठिकठिकाणी उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक एकत्र जमतात आणि विद्वानांचे विचार ऐकतात. राज्यकारभार, समाजसुधारणा, संतवाङ्मय, अर्थशास्त्र अशा भारदस्त विषयांची ही परंपरा आहे. तिच्यात 'दर आठवड्याला घरी बसून पाहिलेला चित्रपट' हा माझा विषय काहींना हलका वाटेल. मी विद्यापीठात शिकलेला मनुष्य नव्हे. माझे शिक्षण वस्तीतल्या मोफत वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि गिरणीच्या फाटकावरच्या सभांत झाले. परंतु तीस वर्षे कामगारांत वावरल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, एखाद्या वर्गाने आपली फुरसत कशी मिळवली आणि मिळालेल्या फुरसतीचे काय केले, हे सांगितल्यावाचून त्या वर्गाचा इतिहास पुरा होत नाही. कामाच्या तासांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. उरलेल्या तासांकडे फारसे कोणी पाहिले नाही. आज मी त्या उरलेल्या तासांपैकी तीन तासांविषयी बोलणार आहे.

रविवार आला कोठून

आठवड्याला एक चित्रपट पाहायचा तर आधी आठवड्याला एक मोकळी संध्याकाळ हवी. आज सुट्टीचा वार पंचांगातच छापून आलेला दिसतो. त्यामुळे तो निसर्गाने दिला असावा, अशी आपली समजूत होते. वस्तुतः मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार झगडून मिळवावा लागला. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवल्या, सह्यांचे अर्ज तयार केले, 'दीनबंधु' पत्रातून गिरणीतल्या हालअपेष्टांना वाचा फोडली. त्या अर्जातली पहिली मागणी पगाराची नव्हती. आठवड्याला एक दिवस सुट्टी मिळावी, ही होती. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी हजारो कामगारांची मोठी सभा झाली, तीत स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. त्या दिवशी देवाला जाता यावे, घरची कामे करता यावीत, मुलांचे तोंड उजेडी पाहता यावे, इतकीच त्या माणसांची अपेक्षा होती.

१८९१ च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला कायद्याचा आधार दिला. पण प्रौढ पुरुषाच्या दिवसाला मर्यादा घातली नाही. ती हळूहळू आली. १९११ साली कापड गिरणीत बारा तास, १९२२ मध्ये दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ, १९३४ मध्ये दहा आणि चोपन्न, १९४६ मध्ये नऊ आणि अठ्ठेचाळीस. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा कायम केला. हे आकडे नीरस वाटतील. परंतु बारा तास गिरणीत, एक-दीड तास जाण्यायेण्यात, उरलेले जेवणझोपेत असे ज्याचे आयुष्य, त्याच्या दिवसात तीन तासांची गोष्ट मावतच नाही. चित्रपट ही करमणूक कामगारांची झाली, याचे एक कारण तिचे स्वस्त तिकीट. दुसरे कारण हे उतरते आकडे.

योगायोग असा की, रविवार मिळाल्यावर सहाच वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली. त्या दिवशीच्या चित्रांत एक चित्र कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचे होते. तिकीट एक रुपया. पडद्यावर कामगार होते. एक रुपया देऊन त्यांना पाहायला येणारे अर्थातच दुसरे होते. पुढे १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात लागला आणि चार-आठ आण्यांचा प्रेक्षक चित्रपटगृहात शिरू लागला. त्यानंतरची साठ वर्षे चित्रपट म्हणजे घराबाहेर जाऊन पाहायची वस्तू होती. लालबागचे भारतमाता चित्रपटगृह, जत्रेतला तंबू, गणेशोत्सवात गल्लीत बांधलेला पांढरा पडदा, कामगार कल्याण केंद्राचे मैदान — जागा कोणतीही असो, पाहणारा घर सोडून तेथे जात असे.

घराच्या उंबऱ्यात

चित्रपट घरात आला तो दूरचित्रवाणीबरोबर. दिल्लीत १९५९ साली हा प्रयोग सुरू झाला होता. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दुसऱ्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे मुंबईची चित्रे पुण्याला दिसू लागली. लवकरच आठवड्याचा क्रम लोकांच्या अंगवळणी पडला: गुरुवारी छायागीत, शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट, रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट. संच फार महाग. कामगाराचे कित्येक महिन्यांचे वेतन त्यात जाई, शिवाय वर्षाचा परवाना पोस्टात जाऊन काढावा लागे. तो परवाना १९८० च्या दशकाच्या मध्यास बंद झाला. त्यामुळे चाळीच्या एका मजल्यावर एक संच, फार तर दोन. एका खोलीत पंधरावीस माणसे, दारात दहा, खिडकीच्या गजांना लोंबकळणारी मुले पाच-सात, असा तो प्रेक्षागृहाचा थाट असे.

या काळाविषयी हल्ली फार गोड लिहिले जाते. सगळी चाळ एका कुटुंबासारखी बसत असे, असे सांगतात. त्यात सत्य आहे, पण पुरे सत्य नाही. संच ज्याचा, सत्ता त्याची. कोणाला खाटेवर जागा मिळे, कोणाला जमिनीवर, कोणाला दारातच. काही घरी मुलांकडून चार आणे घेत. काही घरी जात पाहून आत घेत; उघडपणे कोणी काही म्हणत नसे, नेमकी त्या मुलांची वेळ आली की 'आता जागा नाही' एवढेच ऐकू येई. माझ्याबरोबरची दोन मुले वर्षभर खिडकीतूनच चित्रपट पाहत होती. खोलीत जागा असल्याचे त्यांनाही दिसत होते, आम्हालाही. त्या काळाचे गोडवे गाताना ही खिडकी विसरून चालणार नाही.

मात्र एक गोष्ट त्या व्यवस्थेने निःसंशय केली. शनिवारी दुसऱ्या पाळीचे कामगार दुपारी साडेतीनला गिरणीत जात आणि मध्यरात्री परत येत. त्यांचा मराठी चित्रपट बुडे. पुरुषांची जेवणे सांभाळणाऱ्या खाणावळवाल्या बाईला भाकऱ्या थापता थापता दारातून अर्धाच चित्रपट दिसे. मग रविवारी सकाळी आम्हा मुलांना बोलावणे येई: "काल काय झालं ते सांग रे." दीड-दोन तासांची गोष्ट दहा मिनिटांत सांगायची. कोणता प्रसंग ठेवायचा, कोणता गाळायचा, शेवट आधी सांगायचा की नाही, हे सारे तेथेच शिकावे लागे. ऐकणारा जॉबर किंवा साचेवाला मध्येच अडवी: "पण त्यानं पैसे आणले कुठून? त्याला तर कामावरून काढला होता ना?" या प्रश्नाला उत्तर देता आले नाही तर दोष आमच्या सांगण्यात होता की चित्रपटातच होता, याचा निकाल लागेपर्यंत चहा निवून जाई. वर्तमानपत्रात परीक्षणे छापून येत. आमच्या मजल्यावर ती रविवारी सकाळी, तोंडी होत.

पडद्यामागचा हात

घरात आलेली वस्तू आपली झाली असे माणसाला वाटते. परंतु कोणता चित्रपट दाखवायचा, हे घरमालकाच्या हाती नव्हते. दूरचित्रवाणी सरकारची होती. याचा मोठा बोलका दाखला १९७७ च्या निवडणुकीचा आहे. आणीबाणी शिथिल झाली होती. दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवनराम यांची सभा ठरली, आणि त्याच रविवारी संध्याकाळी दूरदर्शनने 'बॉबी' दाखवला. १९७३ साली निघालेला, तरुणांना वेड लावणारा तो चित्रपट. त्यासाठी लोक घरी बसतील आणि मैदान रिकामे राहील, असा हिशेब होता. लोक सभेला गेले. मैदान भरून वाहिले. आम्ही संघटनेचे लोक सभांना माणसे जमवण्याचा धंदा करतो, तेव्हा या प्रसंगाचे आम्हाला विशेष महत्त्व वाटते. चित्रपट माणसाला घरी बांधून ठेवतो, असे राज्यकर्त्यांनी गृहीत धरले होते. प्रेक्षकाने त्या रविवारी आपली निवड स्वतः केली.

दुसरा दाखला जानेवारी १९८८ चा. भीष्म साहनींच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेली 'तमस' ही फाळणीच्या दंगलीची मालिका दूरदर्शनवर सुरू झाली आणि ती बंद करावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज आला. प्रथम तिला स्थगिती मिळाली. मग न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती मालिका स्वतः पाहिली आणि स्थगिती उठवली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही दाखवण्याच्या बाजूनेच निकाल दिला. मला या प्रकरणातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. न्यायमूर्तींनी आधी पाहिले, मग मत दिले. आपल्याकडे चित्रपटांवर जितकी भांडणे होतात, त्यांतली निम्मी न पाहिलेल्या चित्रपटांवर होतात.

एकाच वर्षी दोन गोष्टी

आता मी १९८२ सालाकडे येतो. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप विधिपूर्वक कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरणगाव मात्र त्यात मोडले. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, आणि देशभर रंगीत संचांची विक्री वाढली.

मी त्या वेळी बारा वर्षांचा होतो. आमच्या मजल्यावर संपाच्या पहिल्या पावसाळ्यात आधी दागिने गेले, मग पितळेची भांडी, आणि मग तो काळापांढरा संच. ज्या घरातून तो गेला त्या घरच्या मालकाला लोकांनी दोष दिला नाही. रविवारी संध्याकाळी मंडळी सवयीने गॅलरीत येऊन बसत आणि जुन्या चित्रपटांच्या गोष्टी काढत. ज्या वर्गाने आठवड्याचा एक रविवार झगडून मिळवला होता, त्याच्या वाट्याला आता सातही वार रिकामे आले होते. कामातून सुटलेला वेळ आणि काम सुटल्यावरचा वेळ यांत किती अंतर असते, हे तेव्हा आम्ही पाहिले. पहिल्यात चित्रपट पाहता येतो. दुसऱ्यात पडद्याकडे डोळे लागतात, पण मन लागत नाही.

या पडझडीतच व्हिडिओ आला. सत्यनारायणाची पूजा, बारसे, गणपती, कोणतेही निमित्त पुरे. वर्गणी काढायची, एका रात्रीसाठी रंगीत संच आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, आणि पहाटेपर्यंत तीन-चार चित्रपट उरकायचे. भाड्याचा पैसा वसूल व्हायला हवा ना! फिती बहुधा चोरट्या असत. १९८४ साली कायदा बदलून त्यांवर कडक शिक्षा ठेवावी लागली. या व्हिडिओने एक मोठा बदल केला. चित्रपट कोणता, हे प्रथमच पाहणाऱ्यांनी ठरवायचे होते. दुकानातल्या यादीवरून भांडणे होत. म्हाताऱ्यांना 'संत तुकाराम' हवा असे, तरुणांना अमिताभ. बायकांचे मत विचारले जात नसे, तरी पहाटेच्या चौथ्या चित्रपटापर्यंत जागे असणाऱ्या पुष्कळदा त्याच असत.

तंबूपासून चाळीतल्या खोलीपर्यंत पाहणे नेहमी इतरांसमवेत होई. १९९२ नंतर उपग्रहवाहिन्या आणि केबल आली, रोज रात्री चित्रपट दिसू लागला. घरोघरी संच झाला तसा चाळीचा एकत्र प्रेक्षक फुटून घराघरांत गेला. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेटमुळे घरातला प्रेक्षकही फुटला. एका खोलीत चौघे चार पडद्यांवर चार चित्रपट पाहू लागले. खिडकीतून पाहणारा मुलगा आता आपल्या हातातल्या पडद्याचा मालक आहे. ही प्रगती मी नाकारत नाही. त्या खिडकीतल्या मुलांना आठवले की तर मुळीच नाकारत नाही. मात्र रविवारी सकाळचा तो चहा आणि तो वाद त्याबरोबर गेला.

मत देण्याचा अधिकार

चित्रपटावर मत कोणी द्यायचे, हाही प्रश्न जुना आहे. फाळक्यांनी स्वतः १९१७-१८ च्या सुमारास 'नवयुग' मासिकात आपल्या धंद्याविषयी लेख लिहिले. १९३५ साली बाबूराव पटेल यांनी 'फिल्मइंडिया' काढले. त्यांच्या लेखणीला निर्माते भीत. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, प्रा. सतीश बहादूर यांच्यासारख्यांनी चित्रपट कसा पाहावा याचे वर्ग घेतले, आणि मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळाने जगातले उत्तम चित्रपट सभासदांना दाखवले. या सर्वांचे उपकार मोठे आहेत. तथापि ज्याच्या आयुष्यावर चित्रपट काढला, त्याचे मत या सगळ्यात क्वचितच नोंदले गेले. १९३४ साली मुन्शी प्रेमचंदांच्या कथेवरून 'मिल' ऊर्फ 'मजदूर' हा चित्रपट मुंबईत तयार झाला. त्यात गिरणीतला संप होता. मुंबईच्या सेन्सॉरने त्याला परवानगी दिली नाही. म्हणजे ज्या शहरातल्या कामगारांविषयी तो होता, त्यांनीच तो पाहायचा नव्हता. मत देणे तर दूरच राहिले.

हे मनात धरून २००९ साली आम्ही काही मंडळींनी माझ्या डोंबिवलीच्या घरी शनिवारी रात्री एक चित्रपट पाहायचा आणि त्यावर बोलायचे, असा परिपाठ सुरू केला. येणारे आठ-दहा जण: महानगरपालिकेच्या कंत्राटावरचा सफाई कामगार, एक निवृत्त जॉबर, रिक्षावाला, रुग्णालयात आयाचे काम करणाऱ्या एक बाई, एका गृहसंकुलाचा पहारेकरी, दोघे-तिघे तरुण. माझी पत्नी बालवाडीत शिकवते. तिने पहिल्याच आठवड्यात बजावले की चहा पुरुषांनी करायचा, नाही तर चित्रपट बंद. नियम चारच ठेवले. चित्रपट मध्ये थांबवायचा नाही. प्रत्येकजण एकदा बोलल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचे नाही. नवा माणूस आधी बोलेल, पुढारी सर्वांत शेवटी. आणि काय वाटले ते सांगण्यापूर्वी काय दिसले ते सांगायचे. बोललेले वहीत उतरवायचे. अशा तीन जाड वह्या आज भरल्या आहेत.

त्या वह्यांतले दोन-तीन उतारे सांगतो. 'दीवार' सर्वांनी अनेकदा पाहिलेला. लोकांना दोन भाऊ आठवतात, आई आठवते. आमच्या जॉबरांनी सांगितले की या गोष्टीची सुरुवात एका कामगार पुढाऱ्यापासून होते. मालक त्याच्या बायकामुलांना पकडून ठेवतो आणि त्याच्याकडून सही करून घेतो. कामगार त्याला चोर ठरवतात, मुलाच्या हातावर तसे गोंदतात. "पुढाऱ्याला मारलात, पण त्याच्या घराला पहारा दिला होता का? युनियनचं काम तिथं कमी पडलं," असे त्यांचे परीक्षण होते. १९७५ पासून त्या चित्रपटावर जे छापून आले, त्यातले माझ्या वाचनात आलेले कोणतेही लेखन या मुद्द्याशी पोहोचले नाही.

'नया दौर' मध्ये टांगा आणि बस यांची शर्यत लागते आणि टांगा जिंकतो. आमचा रिक्षावाला म्हणाला, "शर्यत जिंकली, पण दुसऱ्या दिवशी बस आलीच असणार. दिग्दर्शकानं दुसरा दिवस दाखवला नाही." पुढे सगळी रात्र त्या दुसऱ्या दिवसावर चर्चा झाली. यंत्र आल्यावर माणसाचे काय करायचे, हा प्रश्न १९५७ सालचा राहिला नाही, तो त्याच्या रिक्षात बसला होता.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये गटारात उतरून मेलेल्या कामगाराची विधवा साक्ष देते. नवरा उतरण्याआधी आत खडा टाकून झुरळे हलतात का ते पाहत असे, म्हणजे विषारी वायू आहे की नाही ते कळे, असे ती सांगते. चित्रपट संपल्यावर आमचा सफाई कामगार बराच वेळ गप्प होता. मग एवढेच म्हणाला, "हे बरोबर दाखवलं." पुरस्कार कितीही मिळोत, त्या चित्रपटाला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळाले असेल, असे मला वाटत नाही.

झोपलेला प्रेक्षक

सर्वांत महत्त्वाची नोंद मात्र एका झोपेची आहे. पहारेकरी दर शनिवारी येई आणि पंधराव्या मिनिटाला भिंतीला टेकून घोरू लागे. नियमाप्रमाणे सर्वांत आधी नवा माणूस बोलायचा, म्हणून त्याला उठवावे लागे. तो ओशाळून म्हणे, "मला काही कळलं नाही." मंडळी हसत. एकदा आयाबाईंनी विचारले, "दादा, सुट्टी कधी असते तुम्हाला?" तो म्हणाला, "सुट्टी म्हणजे खाडा. खाड्याचा पगार कापतात." बारा तासांची पाळी आणि महिन्याचे तीसही दिवस काम. शनिवारी तो पाळी संपवून तसाच आमच्याकडे येत होता, कारण चार माणसांत बसावेसे वाटे.

त्या रात्री चित्रपटावर चर्चा झाली नाही. एकशे वीस वर्षांपूर्वी लोखंड्यांनी मिळवलेला रविवार आमच्याच खोलीतल्या माणसाकडे नव्हता, आणि आम्ही त्याच्या झोपेला हसत होतो. कायदा त्याच्या बाजूने होता. आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस हा त्याचा हक्क होता. महाराष्ट्रात पहारेकऱ्यांसाठी १९८१ पासून खास कायदाही आहे. दुसऱ्या दिवसापासून त्या संकुलातल्या अकरा पहारेकऱ्यांना गाठले. कंत्राटदाराला पत्रे गेली, कामगार खात्यात खेटे झाले, दोघांना मध्येच दुसरीकडे हलवण्यात आले, त्यांना परत आणावे लागले. आठ महिन्यांनी पगारी साप्ताहिक सुट्टी मिळाली. मोठी क्रांती झाली असे मी म्हणत नाही. अकरा माणसांना आठवड्यातला एक दिवस मिळाला.

सुट्टीनंतर त्याने आमच्याकडे पुरा पाहिलेला पहिला चित्रपट बिमल रॉय यांचा 'दो बीघा ज़मीन'. गावची जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्यात रिक्षा ओढणारा शंभू त्याने अखेरपर्यंत पाहिला. वहीत त्याची नोंद अशी आहे: "शंभू एकदाही बसून हसलेला दिसला नाही. मुलगा जवळ आहे, पण त्याच्याशी बोलायला त्याला वेळ नाही. मला घरी लवकर जायचे आहे." आणि तो चर्चा अर्धी टाकून घरी गेला. आमच्या नियमांत हे बसत नव्हते. कोणीही त्याला अडवले नाही.

आजचा प्रश्न

मित्रहो, आता समारोपाकडे येतो. घरी चित्रपट पाहणे आज कधी नव्हे इतके सोपे झाले आहे. जगातला कोणताही चित्रपट हातात आहे. दुर्मिळ झाली आहे ती मोकळी संध्याकाळ, आणि तीही सर्वांची एकाच वेळी. आपण रविवारी रात्री चित्रपट लावतो आणि फोनवरून जेवण मागवतो, तेव्हा दारात पिशवी घेऊन येणाऱ्या मुलाची ती सर्वांत धावपळीची वेळ असते. आपली चित्रपटाची रात्र ही त्याची सर्वांत जड पाळी आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगाराला कायद्यात प्रथम नाव दिले. नाव मिळाले हे चांगले झाले. परंतु त्याचा वार कोणता, हे अजून कोणी सांगितलेले नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत सुट्टी गुरुवारची असते, म्हणून तेथल्या कामगाराचा 'रविवार' गुरुवारी येतो. वार कोणताही चालेल, पण तो असला पाहिजे, आणि पगारासह असला पाहिजे.

माझी विनंती दोन प्रकारची आहे. संघटनेत काम करणाऱ्यांना मी म्हणेन की, वेतनाच्या मागणीखाली सुट्टीची मागणी गाडू नका. लोखंड्यांनी ती वर ठेवली होती आणि त्यांचा अंदाज बरोबर होता; ज्याला वेळच नाही तो सभेला येत नाही, वर्तमानपत्र वाचत नाही, मुलाचा अभ्यास पाहत नाही. आणि येथे बसलेल्या सर्व कुटुंबांना म्हणेन की, आठवड्यातून एका रात्री चार पडदे बंद करून एकच चित्रपट लावा. शेजारच्या घरातला एखादा माणूस बोलवा, शक्यतो असा की ज्याला कोणी बोलवत नाही. चित्रपट संपल्यावर लगेच उठू नका. घरातल्या सर्वांत लहान माणसाला आधी विचारा की त्याला काय दिसले. मत कसे मांडावे, दुसऱ्याचे कसे ऐकावे, न पटले तर भांडण न करता कसे सांगावे, हे सभेत शिकायला पुष्कळ वर्षे लागतात. घरच्या खोलीत ते आठवड्याला तीन तासांत शिकता येते, आणि चहाखेरीज खर्च नाही.